कडक उन्हाच्या सालची रेड वाइन आणि वेंगुर्ल्याची हवा

गुंतवणूक म्हणून घेतलेली वाइन कोकणात आणायची नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक जण (बोटीवरचे जुने सहकारी, मुंबईची नोकरी संपवून गावी घर बांधणारे, एखादा दोन पैसे गाठीला असलेला बागायतदार) पहिला प्रश्न हाच करतात: काका, बाटल्या ठेवायला खोली कशी बांधू? खोली जरूर बांधा, पण ती पिण्याच्या बाटल्यांसाठी. विकायच्या पेट्या युरोपातल्या बाँडेड (कर न भरता माल ठेवायच्या) गोदामातच राहू द्या. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की ना धड पिणं होतं, ना धड गुंतवणूक.

मी मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होतो. रीफर म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, प्रोव्हिजन रूमची मशिनं, कंप्रेसर आणि तापमानाची लॉगबुकं यांत आयुष्य गेलं. त्यामुळे वाइनकडे मी चवीच्या आधी तापमानातून पाहतो. ग्लास हलवून चेरी, तंबाखू, ओलं चामडं असली नावं घेणाऱ्यांचा मला राग नाही, पण मी त्यांना आधी विचारतो की बाटली गेली दहा वर्षं कुठे होती.

आता उन्हाच्या सालाचं. वाइनचं साल म्हणजे तिची द्राक्षं तोडली ते वर्ष. फ्रान्समधल्या बोर्डो भागाची वाइन विकणाऱ्या दुकानदारांच्या यादीत २००३, २००९, २०१८, २०२०, २०२२ ही सालं तुम्हाला ठळक दिसतील. ही सगळी उबदार किंवा थेट तापलेली वर्षं. अशा वर्षी द्राक्षं लवकर आणि पूर्ण पिकतात, साखर चढते, म्हणून अल्कोहोल चढतं. १९८० च्या दशकात साडेबारा टक्क्यांच्या आसपास असणारी बोर्डो आता साडेचौदापर्यंत सहज जाते. द्राक्षाची साल जाड होते, रंग गडद येतो, टॅनिन (जीभ कोरडी करणारा तुरट घटक) मऊ लागतं. तरुणपणी चाखली तरी ती तोंडात छान भरते, म्हणून समीक्षक भरभरून गुण देतात आणि किंमत उडी मारते.

याची दुसरी बाजू किमतीच्या कागदावर छापलेली नसते. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जातं. आम्ल कमी म्हणजे पीएच जास्त, आणि पीएच जास्त म्हणजे वाइनला जपणारा सल्फर (म्हणजे सल्फर डायऑक्साइड) कमी कामाचा. हा फरक किरकोळ नाही. पीएच ३.५ असेल तर मोकळ्या सल्फरपैकी सुमारे २ टक्के खऱ्या अर्थाने काम करतो, पीएच ३.९ झाला की तेच प्रमाण एका टक्क्याच्याही खाली जातं. बाटली तीच, सल्फर तेवढाच, राखण निम्म्याहून कमी. त्यातच ऊन अति झालं की वेल पानांची छिद्रं मिटून घेतो आणि पिकणंच थांबवतो. मग साखर तर चढलेली, पण बी आणि साल कच्ची, असं विचित्र द्राक्ष हाती येतं. त्याची वाइन सुरुवातीला गोडसर आणि शेवटी जीभ कोरडी करणारी. दहा वर्षांनी फळ उडून जातं आणि कोरडेपणा तेवढा उरतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की उन्हाच्या सालची वाइन घेताना साल विकत घेऊ नका, पाणी धरून ठेवणारी जमीन विकत घ्या. दक्षिण फ्रान्सकडच्या मूर्वेद्र द्राक्षाबद्दल तिकडचे लोक म्हणतात की त्याला पाय पाण्यात आणि डोकं उन्हात हवं. आपल्याकडे खाडीकाठच्या माडाचं हेच तर असतं. वर कितीही तापू दे, मुळाला ओल असली की तो झावळ्या टाकत नाही. कातळावर लावलेला माड मात्र मे महिन्यात रडवतो. द्राक्षाचंही तसंच, फक्त तिथे हिशेब पौंडात होतो.

२००३ हे याचं पाठ्यपुस्तक आहे. त्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उन्हाने सुमारे १५ हजार माणसं गेली, आणि कित्येक मळ्यांत तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. त्या वर्षी बोर्डोच्या उत्तर मेदोकात, सेंत-एस्तेफ आणि पॉइयाक या गावांत, मोंत्रोज, कोस देस्तूर्नेल आणि लातूर या मळ्यांनी अप्रतिम वाइन केली. कारण चिकणमाती. खाली ओल होती, आणि काबेर्ने सोविन्यॉं हे द्राक्ष उशिरा पिकतं, त्यामुळे ऑगस्टचा तडाखा त्याने सोसला. नदीपलीकडे पोमरोलच्या रेताड, खडीच्या तुकड्यांवर लवकर पिकणारं मेर्लो द्राक्ष मात्र भाजून निघालं. साल एक, दर्जात जमीन-अस्मानाचं अंतर. तरी दुकानदाराच्या यादीत दोन्हींपुढे २००३ एवढंच लिहिलेलं असतं.

बोर्डोजवळच्या बासाँ बंदरात माल उतरवायला बोट जिरोंद नदीतून वर जायची, तेव्हा डाव्या काठच्या ओळीच्या ओळी मला डेकवरून दिसायच्या. पायलट सांगायचा की मेदोकात चांगला मळा तो, ज्याला नदी दिसते. तेव्हा मला ती बढाई वाटली. पुढे कळलं की त्यात चोख व्यवहार आहे. एवढं मोठं पाणी शेजारी असलं की थंडीचा आणि उन्हाचा दोन्हींचा कडा बोथट होतो. मोंत्रोज आणि लातूर दोन्ही नदीकाठची.

पोमरोलशेजारच्या सेंत-एमिलियोंच्या पठारावर चिकणमातीच्या जोडीला चुनखडी आहे, तीही ओल धरते. तिथे वाइन करणाऱ्या काही घरांचं उन्हाच्या सालात उत्तम जमतं. पण इथेही मतभेद लक्षात ठेवा. पावी या शातोच्या (शातो म्हणजे स्वतःच्या मळ्याची वाइन करणारं घर) २००३ वरून रॉबर्ट पार्कर आणि जॅन्सिस रॉबिन्सन या वाइन समीक्षकांत २००४ मध्ये जाहीर खडाजंगी झाली होती. एकाने जवळजवळ पैकीच्या पैकी दिले, दुसरीने २० पैकी १२. दोघेही जगातले मोठे जाणकार. तेव्हा तुम्हाला स्वतःला अतिपक्व, जॅमसारखी चव आवडते की नाही हे पैसे लावण्याआधी शोधा. आवडत नसेल तर नुसत्या गुणांवर घेतलेली पेटी पुढे गळ्यात पडते.

उलट बाजूने, उन्हाचं साल टिकत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. १९४७ ची शव्हाल ब्लां ही तर नियमांत न बसणारी वाइन. भयंकर उन्हात केलेली, अल्कोहोल चढलेलं, आंबवण अर्धवट अडकून थोडी साखर राहिलेली, व्होलाटाइल म्हणजे व्हिनेगरसारख्या आम्लाचा वास. आजच्या प्रयोगशाळेने ती सदोष ठरवली असती. तरी २०१० मध्ये जिनिव्हातल्या लिलावात तिची सहा लिटरची एक बाटली तीन लाख डॉलरहून अधिकला गेली. आणि बोर्डोच्या १९८२ च्या सालाबद्दल त्या वेळी अनेकांनी म्हटलं होतं की हे फार गोंडस, फार कमी आम्लाचं, टिकणार नाही. पार्करने उलट पैज लावली आणि त्याचं नाव त्याच सालावर उभं राहिलं. माझ्या अंदाजाने टिकण्याचं कारण दोन्हीकडे एकच, म्हणजे फळ आणि टॅनिन इतकं भरपूर होतं की आम्लाची उणीव झाकली गेली. ते भरपूर असणं सगळ्या घरांना साधत नाही, आणि साधलेल्यांची यादी फार छोटी असते.

अलीकडचं २०२२ मला २००३ पेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. ऊन आणि दुष्काळ दोन्ही होते, पण वेलींना सवय झालेली, आणि मळेवाले शहाणे झालेले. पानं खुडून द्राक्ष उन्हात उघडं पाडायची जुनी पद्धत त्यांनी सोडली, तोडणी वेळेवर केली, पिळणं हलकं ठेवलं. चाखलेल्या बाटल्यांत ताजेपणा होता. त्या सालची वाइन घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: अल्कोहोल किती, पीएच किती, काबेर्नेचं प्रमाण किती. पहिलं लेबलवर असतं. बाकीचे दोन बहुतेक शातो आपल्या तांत्रिक पत्रकात देतात, पीएच प्रत्येक वेळी नाही. पीएच ३.८ च्या वर आणि अल्कोहोल १५ असेल तर मी ती पिण्याच्या यादीत टाकतो, ठेवण्याच्या नाही.

बोर्डोबाहेर थोडक्यात. इटलीतल्या बरोलोत २००३, २०११, २०१७ ही तापलेली सालं. तिथे उंचावरचे, कमी ऊन खाणारे तुकडे शोधा, एरवी हिणवले जाणारे. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या शातोनफ-द्यू-पापात ग्रनाश द्राक्षाचं अल्कोहोल हाताबाहेर जातं, म्हणून मूर्वेद्र जास्त वापरणारं बोकास्तेलसारखं घर अशा वर्षी बरं. फ्रान्सच्याच बर्गंडी भागात मी हात घालत नाही. वाइन सुंदर, पण किमती माझ्या पेन्शनच्या पलीकडच्या आणि नकली मालाचा धोका सर्वांत जास्त तिथेच.

आता पैसा. बोर्डोची नवी वाइन पिंपात असतानाच, तोडणीनंतरच्या वसंतात विकायला काढतात. याला ऑन प्रिमर म्हणतात. पैसे आज, बाटली साधारण दोन वर्षांनी. पूर्वी यात फायदा होता, कारण आधी घेणाऱ्याला स्वस्त मिळायची. २००९ आणि २०१० या गाजलेल्या सालांनी तो हिशेब मोडला. तेव्हा चीनमधून मागणी उसळली होती. २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा कर काढून टाकला होता, आणि लाफित या बोर्डोच्या नामांकित शातोची बाटली म्हणजे भेट देण्याची वस्तू झाली होती. शातोंनी चढ्या भावाने माल काढला, २०११ च्या मध्यावर बाजार वळला, आणि त्या पहिल्या किमतीने घेतलेल्या कित्येक पेट्या वर्षानुवर्षं तोट्यात पडून राहिल्या. २०२२ च्या वाइनचं तेच झालं. आधीच्या सालापेक्षा भाव चांगलाच वाढवून काढली, आणि बाजार नेमका तेव्हाच शिखरावरून उतरत होता. लातूरने तर २०११ च्या सालानंतर ऑन प्रिमर सोडूनच दिलं. पिकली की मगच विकतो म्हणाले. विकणारा स्वतः थांबायला तयार असेल तर घेणाऱ्याने घाई का करायची?

माझा मार्ग साधा आहे. गाजलेलं उन्हाचं साल बाटलीत येऊ द्यायचं, पहिला गाजावाजा विरू द्यायचा, आणि पाच-सात वर्षांनी कुणीतरी रोख रकमेसाठी विकायला काढलेली पेटी घ्यायची. तोवर वाइन कशी वळतेय हेही कळलेलं असतं. लंडनमध्ये २००० साली सुरू झालेला लिव्ह-एक्स हा व्यापाऱ्यांचा बाजार आहे. त्याचे निर्देशांक आणि व्यवहार झालेल्या किमती पाहायच्या. दुकानाने मागितलेली किंमत ही किंमत नसते, मागणी असते.

आकडेमोड करा, ती कुणी करत नाही. समजा सहा बाटल्यांची पेटी ६०० पौंडांना घेतली. गोदामाचं भाडं आणि विमा मिळून वर्षाला साडेसात पौंड धरले तर दहा वर्षांत ७५. विकताना दलाल दहा टक्के घेतो. म्हणजे नुसतं मुद्दल सुटायला पेटी ७५० ला विकली पाहिजे, २५ टक्के वाढ फक्त खर्च भरून काढायला. त्यावर रुपया-पौंडाचा खेळ आणि कर वेगळा. वाइन व्याज देत नाही, लाभांश देत नाही. उन्हाच्या सालाला तर मुदतही कमी असते. गारव्याच्या सालची पेटी वीस वर्षं थांबेल, ही कदाचित बारा वर्षांतच शिखर गाठेल, आणि शिखर ओलांडलेली पेटी कुणी घेत नाही. विकायची वेळ चाखण्याच्या वेळेच्या थोडी आधी असते, कारण घेणाऱ्यालाही ती पिण्याचं सुख हवं असतं. दहा वर्षं ज्याच्यावाचून अडणार नाही तेवढाच पैसा यात घाला. मुलीच्या लग्नाचा किंवा घराच्या गिलाव्याचा नको.

घ्याल ती पेटी पूर्ण घ्या, सहाची किंवा बाराची, मूळ लाकडी खोक्यात आणि इन बाँड, म्हणजे ब्रिटनचा कर आणि व्हॅट न भरता गोदामात असलेली. सुटी बाटली लिलावात मार खाते. आणखी एक ताजी गोष्ट: ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून वाइनवरचा कर अल्कोहोलच्या टक्क्यानुसार बदलतो. बाँडमध्ये असेपर्यंत तुम्हाला त्याची झळ नाही, पण शेवटी पिणाऱ्याला साडेचौदा टक्क्यांची बाटली बारा टक्क्यांच्या बाटलीहून जास्त करात पडते. महागड्या पेटीत हा फरक नगण्य, स्वस्त वाइनमध्ये जाणवतो.

पेटीचा इतिहास लेखी मागा. शातोतून कोणत्या व्यापाऱ्याकडे, तिथून कोणत्या गोदामात, मध्ये कधी बाहेर पडली का. एका विक्रेत्याने मला २००३ ची एक पेटी बरीच स्वस्त देऊ केली होती. दोन वर्षांच्या जागी कागद कोरा होता. विचारल्यावर म्हणाला, आधीच्या मालकाच्या घरी होती, घर थंड आहे. मी सोडून दिली. उन्हाच्या सालाची वाइन दुसऱ्यांदा उन्हात राहिली तर संपलीच. फोटो मागवून बुचाकडे पाहा. कॅप्सूलखाली (बाटलीच्या तोंडावरच्या पातळ टोपीखाली) बूच किंचित वर उचललेलं, कडेला चिकट ओघळ, कॅप्सूल फिरवली तर न फिरणं, आणि वयाच्या मानाने मानेतून खाली उतरलेली पातळी, ही सगळी तापल्याची लक्षणं. नकली मालाबद्दल एवढंच, की अमेरिकेत रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात जुन्या महागड्या वाइन बनवून भल्याभल्यांना विकल्या. २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही-आम्ही घेणार त्या किमतीत नकली करणं सहसा परवडत नाही, ही आपली ढाल.

पैसे बाहेर पाठवायचे तर आधी सीएकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि एप्रिल २०२५ पासून गुंतवणुकीसारख्या कारणासाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. वाइनची खरेदी कोणत्या कारणाखाली दाखवायची हे बँकेकडून लेखी घ्या. बोटीवरच्या पोरांना सोपं आहे. अनिवासी असताना घेतलेलं परकीय चलन, परदेशी रोखे आणि स्थावर मालमत्ता परत आल्यावरही फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) खाली बाहेर ठेवता येते; वाइनला ते कसं लागू होतं हे सीएकडून पक्कं करा. घ्यायची तर कॉन्ट्रॅक्ट चालू आहे तोवरच घ्या. आयकराच्या हिशेबाने पूर्ण निवासी झालात की विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, ती पेटी दाखवायची. वाइनच तर आहे म्हणून सोडू नका. काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यातले दंड बाटलीहून फार मोठे असू शकतात.

आता इथला कायदा. घरातली बाटली तुम्ही खासगीत विकू शकत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे, मग ती शातो मार्गो असो की माडी. बाळगायलाही परमिट लागतं आणि एका वेळी जवळ किती ठेवायची यालाही मर्यादा आहे; ओरोसच्या एक्साइज कार्यालयात जाऊन आजचा नियम विचारा, लाजू नका. आयात केलेल्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क लागत आलंय, म्हणून इथे आणलेली बाटली परत बाजारात नेण्याचा प्रश्नच येत नाही. परदेशातून येताना माणशी दोन लिटर शुल्कमुक्त आणता येतात, म्हणजे ७५० ची दोन आणि एक हाफ. आणि गोव्यातून स्वस्त मिळाली म्हणून डिकीत भरून आणू नका. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवतात, आणि गोव्यापुरत्या विक्रीचा शिक्का असलेल्या बाटलीबद्दल तिथे वाइनचं ज्ञान कामाला येत नाही.

पिण्याच्या बाटल्यांची साठवण हा माझा खरा विषय. तळघर आपल्याकडे होत नाही, जुलैत त्यात बेडूक पोहतील. जांभ्याच्या जाड भिंतींच्या माजघरात दिवस-रात्रीचा फरक कमी होतो हे खरं, पण मे महिन्यात माझ्या माजघरातला थर्मामीटर २९ च्या खाली येत नाही. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना क्रियेचा वेग दुप्पट होतो. तेरा अंशांऐवजी एकोणतीस म्हणजे वेग तिप्पट. माजघरातलं एक वर्ष म्हणजे बोर्डोच्या तळघरातली तीन वर्षं, आणि तीही चांगल्या रीतीने न पिकता, शिजून. मुळातच कमी आम्लाची वाइन यात पहिली जाते.

तेव्हा वाइनचा फ्रिज घ्यावाच लागतो. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कंप्रेसर नसलेला, घेऊ नका. आवाज नाही, थरथर नाही म्हणून दुकानदार तोच गळ्यात मारतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतो आणि आपल्या मे महिन्यात धापा टाकत राहतो. कंप्रेसरचा घ्या. तापमान तेरा-चौदावर ठेवा आणि पुन्हा पुन्हा बदलू नका. समुद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहत असाल तर मागच्या कॉइलवर खारं दव बसतं, ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडून झिजतात. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने झाडा, पावसाळ्यानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. शक्य तर कॉइलला कोटिंग असलेलं मॉडेल मागा. दरवाज्याच्या रबराला काळी बुरशी धरली की सील सुटतं, मग आत पाणी साचतं आणि मशीन थांबायचं नाव घेत नाही. नोटेचा तुकडा दारात धरून ओढा. सहज निघाला तर रबर बदला.

स्टॅबिलायझर लावाच, आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. कंप्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट ओढतो, तेव्हा फ्रिजवर लिहिलेल्या वॅटवर इन्व्हर्टर घेतलात तर तो पहिल्याच धक्क्याला बसेल. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे वीज कित्येक दिवस नव्हती, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा सिंधुदुर्गातही खांब आडवे झाले. इतक्या दिवसांना बॅटरी पुरत नाही. फ्रिज भरलेला ठेवला तर गारवा टिकतो, म्हणून रिकाम्या खणांत पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि वीज गेल्यावर दार उघडू नका. दुसऱ्या दिवशी मासळीवाल्याकडून थर्मोकोलची पेटी आणि बर्फ आणा, तळाला बर्फ, वर गोणपाट, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या. बर्फात थेट रोवायच्या नाहीत. एकदम गोठवलेलं आणि एकदम तापवलेलं बुचाला सोसत नाही. आमचे बाबीदादा हा सोहळा बघून ओटीवरून ओरडतात, “दारूक एसी, आणि आमका पंखो!” त्यांना एक ग्लास दिला की थंडावतात.

परदेशी पुस्तकांत हवेतला दमटपणा कमी पडून बूच सुकण्याची भीती घातलेली असते. ती आपली भीती नव्हे. आपल्याला बुरशी आणि कसर. जुलै-ऑगस्टात लेबल फुगतं, त्याच्या गोंदावर कसर लागते. किमतीची बाटली असेल तर लेबलभोवती पातळ क्लिंग फिल्म गुंडाळा. लाकडी खोकं जमिनीवर ठेवू नका. पाइनचं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण, आणि एकदा वाळवी घरात शिरली की वाइन राहते बाजूला, वासे तपासत बसाल.

फ्रिजमध्ये काय ठेवावं? २००३ ची साधी, मोठ्या नावाची नसलेली बोर्डो कुणी भेट दिली तर थांबू नका, ती आजच उघडा. २००९ ची क्रू बुर्ज्वा (मेदोकातल्या मधल्या पायरीच्या) दर्जाची असेल तर आता तिची ऐन वेळ. २०१८ आणि २०२० ची मधल्या घरांची वाइन पुढची आठ-दहा वर्षं आरामात. एकाच वाइनच्या तीन-चार बाटल्या घ्या आणि वर्षा-दोन वर्षांनी एक उघडत जा. उन्हाच्या सालात उतरण कधी सुरू होते हे पुस्तकापेक्षा ग्लास आधी सांगतो. फळाचा वास मागे पडून मनुका आणि सुक्या अंजिराचा वास पुढे आला की उरलेल्या त्या वर्षातच संपवा.

आपल्या देशातल्या वाइनसाठी वेगळा विचार करावा लागतो. नाशिक, अकलूजकडे तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे द्राक्ष वाढत्या उन्हात पिकतं. २०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा भारतातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, हंपीकडची कृष्मा या मला आवडतात. यांना दुसऱ्या हाताचा बाजार नाही, तेव्हा गुंतवणूक हा शब्दच काढू नका. चार-पाच वर्षांच्या आत प्या.

ग्लासात ओतताना सोळा अंश. रूम टेंपरेचरला द्यायची हा नियम ज्यांची खोली अठरा अंशांची त्यांचा. आपल्या तीस अंशांत साडेचौदा टक्क्यांची वाइन नाकात स्पिरिटसारखी जाते. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं पुरेत. बांगड्याच्या तिखल्याबरोबर कधीच नको, टॅनिन आणि मासळी एकत्र आली की तोंडात लोखंड उतरतं. मटणाच्या सागोतीबरोबर चालते, पण तिखट निम्मं करायला सांगा, कारण मिरची आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. आमच्याकडे तिखट निम्मं होत नाही. म्हणून मी वडे-सागोती आटोपल्यावर, उरलेल्या सुक्या मटणाबरोबर बाटली उघडतो.